शेवटल्या काळाची वचनं: मंडळीत शिकवायची की टाळायची?

शब्दसेवक

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीत आठवड्याच्या बायबल अभ्यासासाठी नवं पुस्तक निवडायचं होतं. तरुणांनी प्रकटीकरण, म्हणजे शेवटल्या काळाबद्दलचं बायबलचं शेवटचं पुस्तक, मागितलं, वडीलधाऱ्यांनी नको म्हटलं. त्यांची कारणं दोन. या विषयावरून मंडळ्या फुटतात, हे एक. आणि नव्या विश्वासणाऱ्यांना हे झेपत नाही, आधी तारण, बाप्तिस्मा, प्रार्थना पक्की होऊ दे, बाकीचं पुढे बघू, हे दुसरं. अखेर याकोबाचं पत्र ठरलं. याकोबाचं पत्र केव्हाही चांगलंच, पण ती दोन्ही कारणं मला पटली नाहीत. का पटली नाहीत ते इथे सविस्तर मांडतो. तुमची मतंही हवी आहेत.

थेस्सलनीकाची मंडळी बघा. प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये प्रेषित पौल तिथल्या सभास्थानात तीन शब्बाथ बोलल्याची नोंद आहे. फिलिप्पैकरांनी तिथे त्याला एकापेक्षा जास्त वेळा मदत पाठवली, म्हणजे मुक्काम तीन आठवड्यांहून थोडा लांबला असेल. तरी फार नाही. मग शहरात दंगा झाला, यासोनाच्या घरावर जमाव चालून गेला आणि पौल व सीला यांना रातोरात बिरुयाला पाठवावं लागलं. मागे राहिलेली माणसं कोण? बहुतेक जण नुकतेच मूर्तिपूजा सोडून आलेले. डोक्यावर पाळक नाही, हातात नवा करार नाही, कारण तो तेव्हा लिहून व्हायचा होता.

अशा माणसांना पौल थोड्याच काळात पत्र पाठवतो आणि त्या पत्राचा प्रत्येक अध्याय प्रभूच्या येण्यापाशी पोहोचतो. पाचच्या पाच अध्याय. आज संध्याकाळी उघडून बघा. दुसऱ्या पत्रात तर तो प्रभूच्या येण्याआधी प्रकट होणाऱ्या अनीतिमान पुरुषाबद्दल लिहितो आणि मध्येच विचारतो, मी तुमच्याजवळ होतो तेव्हाच हे सांगत होतो, आठवत नाही का? (२ थेस्स. २:५). म्हणजे हा विषय पौलाने वरच्या वर्गासाठी राखून ठेवलेला नव्हता. पहिल्या काही आठवड्यांत, अगदी नवख्यांना त्याने तो शिकवला.

आता भांडणाचं कारण. थेस्सलनीकात गोंधळ आधीच झालेला होता. आपली माणसं मेली, ती आता प्रभूच्या येण्याला मुकणार, या दुःखात काही जण होते. प्रभूचा दिवस येऊन ठेपलाच, असं कुणी पौलाच्या नावाने पसरवत होतं. काही जण कामधंदा टाकून इतरांच्या घरी जेवत होते. आपण म्हणतो त्या सगळ्या अडचणी तिथे एका जागी होत्या. पौलाने काय केलं? विषय बंद केला नाही. जास्त शिकवलं, नीट शिकवलं, क्रम लावून दिला. आणि काम न करणाऱ्याने खाऊही नये, असं रोखठोक सांगितलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. मंडळीत हा विषय शिकवला नाही म्हणजे लोक तो शिकत नाहीत असं होत नाही. ते व्हॉट्सअ‍ॅपवर शिकतात, यूट्यूबवर शिकतात, भाड्याच्या हॉलमधल्या सभेत शिकतात. प्रकटीकरण १:३ मध्ये वाचणाऱ्याला, ऐकणाऱ्यांना आणि त्यातलं पाळणाऱ्यांना धन्य म्हटलं आहे. तिथे 'पाळणारे' आहेत, म्हणजे त्या पुस्तकात पाळण्यासारखं काही आहे. ते काय, हे मंडळीने सांगायचं नाही तर कुणी सांगायचं?

सालोमी_पुणे

ब्रदर, तुमचं लिहिणं वाचलं आणि उत्तर द्यावं की नाही यावर बराच विचार केला. माझं लहानपण या विषयाच्या धाकात गेलं आहे. प्रभू येऊन विश्वासणाऱ्यांना वर उचलून नेणार आणि बाकीचे मागे राहणार, असं शिकवलेलं. शाळेतून घरी आले आणि स्वयंपाकघरात आई दिसली नाही, तर सगळे उचलले गेले आणि मी मागे राहिले, या भीतीने मी शेजारच्या मावशींकडे धावत जायचे. त्या फार भाविक होत्या. त्या घरी दिसल्या की हायसं वाटायचं.

आमच्या भागात एक सुवार्तिक यायचे. नाव घेत नाही. प्रभू इतक्या जवळ आला असताना मुलांच्या शिक्षणासाठी पैसे साठवणं हा अविश्वास आहे, असं ते सांगायचे. पप्पांनी माझ्या बारावीनंतरच्या फीची रक्कम त्यांच्या सेवेला दिली. मी पुढे नोकरी करून शिकले. पप्पांवर राग नाही, त्यांनी प्रेमापोटीच केलं. पण आज माझ्या मुलांसमोर कुणी प्रकटीकरण उघडलं की माझ्या पोटात गोळा येतो. तुम्ही म्हणता शिकवा. मी म्हणते, डोंगरावरचं प्रवचन शिकवा, दाखले शिकवा, त्यात आयुष्य पुरतं.

वांबोरीची_मावशी

सालोमी, बाळ, तू लिहिलंस हे फार बरं केलंस. तुझ्यावर जे गुदरलं त्याची चीड मलाही आली. मी रविवार शाळेत मुलं शिकवण्यात हयात घालवली आहे आणि लहान लेकरांना भीती घालून प्रभूकडे आणणं मला कधीच मान्य झालं नाही.

पण त्या सुवार्तिकाचं चाललं कशामुळे, याचा विचार कर. हॉलमध्ये बसलेल्या कुणाला तरी थेस्सलनीकाकरांची पत्रं माहीत असती, तर तो उठून म्हणाला असता, साहेब, प्रभू येणार म्हणून काम सोडा असं पौलाने सांगितलं नाही, उलट सांगितलं आहे. कुणाला मत्तय २५ नीट ठाऊक असता, तर तो म्हणाला असता की धनी परतायच्या आधी रुपये जमिनीत पुरून ठेवणारा दास आळशी ठरला आणि व्यापार करणारे शाबासकीला पात्र झाले. तू दाखले शिकवा म्हणतेस ना? दहा कुमारी, रुपये, मेंढरं आणि शेरडं हे तिन्ही दाखले प्रभूने जैतुनाच्या डोंगरावर, शेवटल्या काळाबद्दल बोलतानाच सांगितले. दाखले शिकवायला घेतले की हा विषय दारात उभाच राहतो.

आणि पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाचा शेवट बघ. प्रभू येईल, मेलेले उठतील, आपण त्याला भेटू, एवढं सांगून पौल म्हणतो, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. तुला ज्या वचनाने घाबरवलं गेलं, ते दुखवट्याच्या घरी वाचण्यासाठी लिहिलेलं आहे. आमच्या गावात मयतीच्या वेळी तेच वाचतात. माझ्या मालकांच्या वेळी पाळकसाहेबांनी तेच वाचलं आणि मला तेव्हा त्याची खरी किंमत कळली.

अर्धविराम

मी ख्रिस्ती नाही, पण धर्मग्रंथ वाचायची आवड आहे, म्हणून विचारतो. मार्क १३ मध्ये येशू म्हणतात की हे सर्व घडेपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. जवळपास दोन हजार वर्षं उलटली. दरम्यान किती जणांनी तारखा दिल्या आणि त्या चुकल्या. मग अभ्यास नेमका कशाचा करायचा? प्रश्न खोचक वाटला तर माफ करा, हेतू तसा नाही.

शब्दसेवक

अर्धविराम, प्रश्न रास्त आहे आणि तो मंडळीतही विचारला जायला हवा.

आधी तारखांचं बोलू. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकरी उपदेशकाने दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांची वर्षं करून हिशेब मांडला. त्याच्या चळवळीने शेवटी प्रभू परत येण्याचा २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. हजारो लोक त्या रात्री वाट बघत राहिले. काही शेतकऱ्यांनी पीक काढलंच नव्हतं. १९८८ साली एडगर व्हिझनंटने पुस्तिका काढून सप्टेंबर महिना सांगितला. रेडिओवरचा उपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ हा दिवस जाहीर केला, तो टळल्यावर २१ ऑक्टोबर. जगभर फलक लागले, लोकांनी साठवलेले पैसे जाहिरातींना दिले. पुढच्या वर्षी कॅम्पिंगने तारीख सांगणं पाप होतं असं कबूल केलं. या तिघांनीही बायबल पुष्कळ वाचलं होतं. पण तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, हे वाक्यही त्याच मार्क १३ मध्ये आहे, तुम्ही दिलेल्या वचनानंतर दोनच वचनांनी. ते बाजूला सारल्याशिवाय तारीख निघत नाही. म्हणून मी म्हणतो, अर्धं वाचणाऱ्यापासून वाचवायला पूर्ण वाचणाराच लागतो.

आता 'ही पिढी'. तो अध्याय सुरू कुठून होतो बघा. शिष्य मंदिराचे भव्य दगड दाखवतात आणि येशू म्हणतो, इथे दगडावर दगड राहणार नाही. इ.स. ७० मध्ये तीताच्या रोमी सैन्याने यरुशलेम घेतलं आणि मंदिर जाळलं. मंदिरातला सात फाट्यांचा दीपवृक्ष लुटून नेतानाचं शिल्प आजही रोममधल्या तीताच्या कमानीवर आहे. येशूच्या वधस्तंभापासून ते साधारण ४० वर्षं होतात. ऐकणाऱ्यांतले कित्येक तेव्हा हयात असणार. मत्तयात शिष्यांचा प्रश्नच जोडप्रश्न आहे, हे केव्हा होईल, आणि तुझ्या येण्याचं व युगाच्या समाप्तीचं चिन्ह काय. उत्तरात जवळचं आणि दूरचं दोन्ही गुंफलेलं आहे. कुठलं वचन कशाचं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक मतभेद आहेत. मी स्वतः 'ही पिढी' यरुशलेमच्या नाशाशी जोडतो आणि मनुष्याच्या पुत्राचं वैभवाने येणं अजून बाकी आहे असं मानतो.

आणि एक गोष्ट सांगावीशी वाटते. लूक २१ मध्ये येशू म्हणतो, यरुशलेमला सैन्याचा वेढा पडताना पाहाल तेव्हा यहूदीयात असणाऱ्यांनी डोंगरांकडे पळावं. चौथ्या शतकातला मंडळीचा इतिहासकार युसेबियस लिहितो की यरुशलेमची ख्रिस्ती मंडळी युद्धाआधी देवाकडून मिळालेल्या सूचनेवरून यार्देनेपलीकडच्या पेल्ला गावी निघून गेली. काही इतिहासकारांना ही नोंद पुरेशी वाटत नाही. पण येशूच्या शब्दांचा रोख तर स्पष्ट आहे. तटाच्या आत जास्त सुरक्षित वाटणं साहजिक होतं, आणि तो सांगत होता, बाहेर पडा. भविष्यवचन ऐकणाऱ्याच्या पायांसाठी दिलेलं होतं.

विलंबाबद्दल पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय वाचा. 'त्याच्या येण्याचं वचन कुठे गेलं?' असं विचारणारे तेव्हाही होते. पेत्राचं उत्तर असं की तो विलंब नाही, कुणाचा नाश होऊ नये म्हणून धरलेला धीर आहे. आणि लगेच पुढचा प्रश्न, हे सगळं असं लयाला जाणार असेल तर तुम्ही कशा प्रकारची माणसं असायला हवं? माझ्या मते अभ्यास या प्रश्नाचा करायचा.

गोदाकाठ

भीतीबद्दल बरंच बोलणं झालं. मला दुसऱ्या बाजूने बोलायचं आहे.

आमचं घराणं मराठवाड्यातलं. पणजोबा गावकुसाबाहेर राहत होते, तिथून ख्रिस्ती झाले. आमच्या आजोबांना न्यायाच्या दिवसाची भीती वाटत नव्हती, त्यांना त्याची ओढ होती. ज्याला आयुष्यभर पाटलाच्या वाड्यासमोर चपला हातात घेऊन जावं लागलं, ज्याच्या मजुरीचा हिशेब कधी झालाच नाही, त्याला सिंहासनासमोर पुस्तकं उघडली जातील हे वचन काय वाटत असेल? तो म्हणेल, उघडा एकदाची.

प्रकटीकरणाचा अठरावा अध्याय शहरातल्या शिकलेल्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो. बाबेल पडते आणि व्यापारी रडतात. कशासाठी? त्यांचा माल घ्यायला कुणी उरलं नाही म्हणून. मग मालाची यादी येते, सोनं, रुपं, मोती, जांभळी वस्त्रं, हस्तिदंत, संगमरवर, दालचिनी, द्राक्षारस, तेल, गहू, गुरं, घोडे, रथ. आणि सगळ्यात शेवटी माणसं. माणसांची शरीरं आणि जीव. योहानाने रोमच्या भरभराटीची जमाखर्चाची वही उघडली आणि शेवटच्या ओळीत गुलाम दाखवले. हे लिहिणारा माणूस पात्म बेटावर हद्दपार होता.

ज्यांचं बरं चाललं आहे त्यांना हे पुस्तक गूढ वाटतं. ज्यांचं बरं चाललेलं नाही त्यांना ते लगेच समजतं. सहाव्या अध्यायात वेदीखालचे जीव विचारतात, हे प्रभू, कुठवर? हा प्रश्न आमच्या घरात रोजच्या प्रार्थनेत होता. उपदेशपीठावरून जर याचं उत्तर कधी मिळालंच नाही, तर मंडळी फक्त सुखी माणसांची उरेल.

एबेनेझर_८

सगळ्या ज्येष्ठांना सलाम. माझा प्रश्न साधा आहे. करोनाच्या काळात आमच्या ग्रुपवर लस म्हणजे श्वापदाची खूण, म्हणजे प्रकटीकरण १३ मधली देवविरोधी सत्तेची खूण, असे व्हिडिओ यायचे. त्याआधी आधार कार्डाबद्दल तेच, बारकोडबद्दल तेच. आता हातात बसवायच्या चिपबद्दल येतं. माझ्या मामाने लस घेतलीच नाही. त्यांना काय सांगायचं?

शब्दसेवक

एबेनेझर, मामांना प्रकटीकरण १३ चा शेवट वाचून दाखवा आणि तिथे थांबू नका, लगेच १४ चं पहिलं वचन वाचा. मूळ लिखाणात अध्यायांचे आकडे नव्हते, वाचणारा सलग वाचायचा. तेराच्या शेवटी श्वापदाची खूण कपाळावर किंवा उजव्या हातावर. चौदाच्या सुरुवातीला कोकऱ्याबरोबर उभे असलेले लोक, आणि त्यांच्या कपाळावर त्याचं व त्याच्या पित्याचं नाव. दोन्ही शेजारी शेजारी मांडले आहेत. कपाळावरचं देवाचं नाव म्हणजे सुईने टोचलेली वस्तू असं कुणी म्हणत नाही. मग दुसऱ्याच खुणेबद्दल तसं का धरायचं?

आता मागे जा. अनुवाद ६:८ मध्ये देवाच्या आज्ञा हातावर चिन्हासारख्या बांध आणि डोळ्यांच्या मध्ये ठेव, असं इस्राएलला सांगितलं आहे. यहेज्केल ९ मध्ये नगरातल्या अमंगळ कृत्यांबद्दल उसासे टाकणाऱ्यांच्या कपाळावर खूण केली जाते. हात आणि कपाळ म्हणजे आपण कुणाचं ऐकून वागतो आणि कुणाला मानतो. तेराव्या अध्यायात पुन्हा पुन्हा येणारी क्रिया नमन करण्याची आहे. नकळत, दवाखान्यात, ताप उतरावा म्हणून टोचून घेतलेली गोष्ट तिथे बसत नाही. श्वापदाला नमन करायला माणसाला ते कळून, पोटासाठी किंवा जिवासाठी कबूल व्हावं लागतं. विकत घेता येणार नाही, विकता येणार नाही, हा दबाव तिथे आहे. प्रकटीकरणातल्या सात मंडळ्यांपैकी एक थुवतीर शहरात होती, तिथे धंदेवाल्यांचे संघ होते, त्यांच्या मेजवान्या देवतांच्या नावाने व्हायच्या. तिथल्या ख्रिस्ती कारागिराला हा दबाव दर महिन्याला कळत असणार.

६६६ बद्दलही. हिब्रूत अक्षरांना संख्यांची किंमत असते आणि रोमी सम्राट नीरोचं नाव ग्रीक वळणाने 'नेरोन कैसर' असं हिब्रू अक्षरांत लिहिलं की बेरीज ६६६ येते. त्याच नावाचं एक अक्षर गाळलेलं लॅटिन वळणाचं रूप घेतलं तर ६१६ येते, आणि काही फार जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे. म्हणून पुष्कळ अभ्यासक पहिला रोख नीरोकडे मानतात. मला ते पटतं. त्याने पुढच्या काळातल्या श्वापदांची शक्यता संपत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातच ख्रिस्तविरोधक पुष्कळ झाले आहेत, असं म्हटलं आहे.

बावखल

वसईहून नमस्कार. आम्ही कॅथलिक. आमच्याकडे कुणी या विषयाचे तक्ते काढत नाही आणि प्रकटीकरण २० वरून मांडली जाणारी, ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या पृथ्वीवरच्या राज्याची शिकवण चर्च स्वीकारत नाही. त्यामुळे अनेकांना वाटतं की कॅथलिकांना शेवटल्या काळाशी देणंघेणं नाही. तसं नाही.

आगमन काळाचा पहिला रविवार घ्या. लोक नाताळच्या तयारीला लागलेले असतात, गोठा कुठे करायचा, कंदील कसले आणायचे. आणि त्या दिवशीचं शुभवर्तमान बाळ येशूचं नसतं. तीन वर्षांच्या चक्रात आलटून पालटून मत्तय २४, मार्क १३ किंवा लूक २१ वाचलं जातं. जागे राहा, धनी केव्हा येईल ठाऊक नाही. चर्चचं वर्ष सुरूच तिथून होतं. प्रत्येक मिस्सात भाकर आणि द्राक्षारस पवित्र झाल्यावर आपण ख्रिस्ताचं मरण, पुनरुत्थान आणि पुन्हा येणं एका दमात जाहीर करतो. श्रद्धाविधानात, तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यासाठी पुन्हा येईल, असं दर रविवारी म्हणतो. म्हणजे विषय ओठांवर आहे. पण मला कबूल करायला हवं की धर्मशिक्षणाच्या वर्गात यावर फारच थोडं शिकवलं जातं. मग मुलं मुंबईच्या नोकरीत कुठल्याशा ग्रुपमध्ये ओढली जातात आणि तिथे त्यांना सांगितलं जातं की तुमच्या चर्चने हे तुमच्यापासून लपवलं.

संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात हजार वर्षांचा अर्थ ख्रिस्ताच्या येण्यापासून चालू असलेला मंडळीचा काळ असा लावला. त्याआधी तो स्वतः दुसऱ्या मताचा होता आणि तसं त्याने लिहून ठेवलं आहे. शब्दसेवकजी, तुमच्या मंडळ्यांत या हजार वर्षांवरून फूट पडते ती थांबवता येईल का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

वांबोरीची_मावशी

बावखल भाऊ, दुसऱ्या शतकातल्या हुतात्मा जस्टिनचं उदाहरण मी वर्गात देते. त्रुफो नावाच्या यहुद्याशी झालेल्या संवादात तो सांगतो की आपण स्वतः यरुशलेममधल्या हजार वर्षांच्या राज्यावर विश्वास ठेवतो. आणि तिथेच पुढे म्हणतो की शुद्ध श्रद्धेचे पुष्कळ ख्रिस्ती लोक वेगळं मानतात. त्यांना तो पाखंडी म्हणत नाही. प्रभू देहाने परत येणार, मेलेले उठणार, न्याय होणार, नवं आकाश व नवी पृथ्वी होणार, यावर तो ठाम होता. पुढचा क्रम कसा, यावर भावाला भाऊ म्हणत राहिला. मंडळी आधी उचलली जाईल की शेवटल्या काळातल्या महासंकटातून जाईल, हे तर आणखी पुढचं. संकटाच्या आधी गुप्तपणे उचललं जाण्याची शिकवण १९व्या शतकात जॉन नेल्सन डार्बीपासून पसरली आणि १९०९ च्या स्कोफील्डच्या टीपांच्या बायबलमुळे घरोघर गेली. ती खरी की खोटी हे वचनांवरून तपासा, पण तिच्यावरून कुणाला मंडळीबाहेर काढू नका.

रेवदंडा_बंदर

एक विषय राहिला आहे आणि तो मला जवळचा आहे. मी अलिबाग तालुक्यात वाढलो. आमच्या शेजारी बेने इस्राएल कुटुंबं होती, ज्यांना जुनी माणसं शनवार तेली म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवायचे. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले.

आमच्याकडच्या भविष्यवाणीच्या सभांत इस्राएल म्हणजे घड्याळाचा काटा. १९४८ ला राष्ट्र झालं, पिढी ४० वर्षांची, म्हणून १९८८. व्हिझनंटच्या हिशेबातही हा धागा होता. पण माझ्या डोळ्यांसमोर माणसं येतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. एलीया संदेष्टा रथातून तिथे येऊन गेला आणि घोड्याच्या टापेची खूण उमटली, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. तिथे ते मलिदा हा कृतज्ञतेचा विधी करतात, अजूनही परदेशातून येऊन करतात. परमेश्वराचा दिवस येण्याआधी एलीया येईल, हे मलाखीचं वचन. मराठी बोलणारे हे लोक आपल्या आधी कित्येक शतकं या किनाऱ्यावर वाट बघत आहेत.

त्यांच्याबद्दल बोलताना रोमकरांस ११ वाचावा अशी माझी विनंती आहे. पौल तिथे यहुद्यांना जैतुनाच्या मूळ फांद्या म्हणतो आणि अन्यजातीय ख्रिस्ती लोकांना बजावतो, त्या फांद्यांपुढे मिरवू नको, तू मुळाला आधार देत नाहीस, मूळ तुला देतं. जो अभ्यास मला त्या शेजाऱ्यांकडे किंवा इस्राएलकडच्या अरब ख्रिस्ती कुटुंबांकडे युद्धाच्या नकाशावरचे ठिपके म्हणून बघायला शिकवतो, त्यात कुठेतरी मोठी चूक आहे.

सालोमी_पुणे

सगळं वाचलं. मावशी, तुमचं मयतीबद्दलचं वाचून पप्पांची आठवण आली. गोदाकाठ, अठरावा अध्याय मी काल पहिल्यांदा नीट वाचला. मला तो कुणी असा दाखवलाच नव्हता.

मी अजून मुलांना यात आणायला तयार नाही. पण स्वतः वाचून बघेन. सुरुवात प्रकटीकरणापासून नको. कुठून करू?

शब्दसेवक

सालोमीताई, घाई कुणालाच नाही.

प्रकटीकरण शेवटीच. त्याच्या ४०४ वचनांपैकी निम्म्याहून अधिक वचनांत जुन्या कराराचे पडसाद आहेत, आणि योहान कुठेही 'असं लिहिलं आहे' म्हणून सांगत नाही. पहिल्याच अध्यायातलं 'पाहा, तो मेघांसह येतो' हे वाक्य दानीएल ७ आणि जखऱ्या १२ एकत्र विणून केलेलं आहे. ते दोन अध्याय ज्याने वाचलेले नाहीत, तो मेघांचं कोडं वर्तमानपत्रात शोधायला जातो.

म्हणून पहिल्या आठवड्यात थेस्सलनीकाकरांची दोन्ही पत्रं, एका बैठकीत. मिळून आठच अध्याय आहेत. मग मत्तय २४ आणि २५ एकत्र, तोडू नका. नंतर दानीएल २ आणि ७. एकात बाबेलच्या राजाला राज्यं सोन्यारुप्याच्या पुतळ्यासारखी दिसतात, दुसऱ्यात देवाच्या माणसाला तीच राज्यं हिंस्र पशूंसारखी दिसतात. त्यावर इथे वेगळी चर्चा करू. मग प्रकटीकरणाचे फक्त दुसरा आणि तिसरा अध्याय, सात मंडळ्यांना पत्रं. लावदिकीयाचं वाचताना हे लक्षात ठेवा की इ.स. ६० च्या भूकंपानंतर त्या शहराने रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने स्वतःला उभं केलं, असं रोमी इतिहासकार तॅसिटस लिहितो. 'मी धनवान आहे, मला काही उणे नाही' हे शब्द त्या लोकांना कसे लागले असतील ते कळेल. आणि स्मुर्णाचं वाचताना पॉलिकार्प आठवा. तो त्याच मंडळीचा अध्यक्ष. म्हातारपणी, दुसऱ्या शतकाच्या मध्याला, ख्रिस्ताला नाकारायला सांगितलं तेव्हा त्याने नकार दिला आणि तो जाळला गेला. 'मरेपर्यंत विश्वासू राहा' हे वचन त्याच्या मंडळीला लिहून पाठवलेलं होतं.

एबेनेझर_८

मीही सामील होतो. मामांनाही विचारतो. दानीएलाच्या नवव्या अध्यायातली ७० सप्तकं, म्हणजे सातांचे ७० गट, केव्हा घेणार? सगळे हिशेब तिथूनच निघतात म्हणून विचारलं.

शब्दसेवक

दानीएल ९ सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी यिर्मया २५ व २९ वाचून या. दानीएल तिथे स्वतःच भविष्यवचनांचा अभ्यास करताना दिसतो. यिर्मयाने सांगितलेली ७० वर्षं भरत आली, हे त्याला ग्रंथांवरून कळतं. त्यानंतर तो तक्ता काढत नाही. गोणपाट नेसून, राख घालून, उपास करून प्रार्थनेला बसतो, आणि 'आम्ही पाप केलं' असं म्हणत आपल्या सगळ्या लोकांसाठी रदबदली करतो. ती प्रार्थना चालू असतानाच गब्रीएल ७० सप्तकांचं उत्तर घेऊन येतो. तो अध्याय घेऊ तेव्हा चौथ्या वचनापासून एकोणिसाव्यापर्यंतची प्रार्थना आधी वाचायची, सप्तकं मग.

थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राचा धागा शनिवारी रात्री उघडतो. मावशी, चौथ्या अध्यायावर सुरुवातीचं तुम्ही लिहाल का?

वांबोरीची_मावशी

लिहीन. पाळकसाहेबांनाही वाचायला देते.